दुधावरचं कुलूप

सुमनचा फोन आला तेव्हा मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी होते. "काकू, आक्का गेली," एवढंच ती म्हणाली. माणूस गेल्याची बातमी आली की आमच्या घरात एक प्रश्न आपोआप तोंडातून निघतो, कारण पुढे दरवर्षी श्राद्धाला त्याचं उत्तर लागतं. तसा तो माझ्याही तोंडातून निघाला. "आज तिथी कोणती गं?" पलीकडून सुमन म्हणाली, "काय म्हाईत… तिलाच इचारायचो की आपण." मग ती रडायला लागली आणि मला, खोटं कशाला सांगू, हसू आलं. सगळ्या घरादाराला तिथी सांगणारी बाई स्वतःच्या तिथीला मात्र आम्हाला कोरं ठेवून निघून गेली होती. आणि आक्कात आणि माझ्यात अडाणी ती, शिकलेली मी, असं आम्ही पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. तिनं ते थट्टेत धरलं होतं. मी अगदी मनापासून.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सुमन तिची लेक, पण आमच्या घरात लेकीपासून पाहुण्यांपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्यांपैकी एक. त्या गावात ती आळ्याहून बारा वर्षांची नवरी होऊन आली, तेव्हा माझे यजमान चार वर्षांचे होते. नात्यानं दीर, म्हणून ती त्यांना "भावजी" म्हणे, आणि कडेवर घेऊन फिरे. "भावजी, नाक शिंकरा. भावजी, चड्डी वर घ्या." पुढे हे भावजी शिकले, हायस्कुलात हेडमास्तर झाले, आणि जुन्नरच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी ट्रेनिंग झालेल्या एका मास्तरणीशी संसार मांडला. ती मास्तरीण मी. त्या काळची मी आज कुणी दाखवली तर मी तिला बाकावर उभी करीन. नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारणारी आमच्या भावकीतली पहिली सून, आणि त्याचा गर्व एवढा की गरज नसतानाही मी हाका मारत असे. आक्का नवऱ्याचं नाव तर घेत नसेच, सासऱ्यांचंही घेत नसे. सासऱ्यांचं नाव सोमाजी. म्हणून आक्कानं लग्न झाल्यापासून "सोमवार" हा शब्द उच्चारला नव्हता. तिच्या माहेराकडे बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी भरतो, तेव्हा ती त्या वाराला "बेल्ह्याचा बाजार" म्हणे. "परवा बेल्ह्याचा बाजार, उपास हाय माझा." नवीन होते तेव्हा मी एकदा तिला म्हटलं होतं, "अहो जाऊबाई, वाराला कसली लाज?" ती म्हणाली, "वाराला न्हाई गं बाय. मामंजींना." आणि मी नाक मुरडून ही गंमत शाळेत सांगायला गेले होते.

नव्वदच्या दशकात धरणाचं पाणी चढलं, त्याच्या आगेमागे थोरले दीर गेले, आणि आक्काला राहायला घर उरलं नाही. सुमन घोडेगावला सुखात होती, पण लेकीच्या दारात राहायचं नाही हा तिचा बाणा. म्हणून ती आमच्याकडे आली, एक ट्रंक आणि एक अडकित्ता घेऊन. शेतावर जन्म काढलेली बाई दोन खोल्यांत कशी राहील हे आम्ही विचारलं नाही. संडास घरात आहे, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे, असं मला वाटे. पहिल्याच वैशाखात एक दिवस मी शाळेतून आले तर आक्का घरात नाही. सगळी पेठ पालथी घातली. दिवेलागणीला एका जीपवाल्यानं तिला दारात आणून सोडलं. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा. "कुठे होतात हो दिवसभर?" मी ओरडले. ती म्हणाली, "घरी गेले व्हते." जीपवाल्यानं तिच्या पाठीमागून स्वतःच्या कपाळाशी बोट फिरवून मला खूण केली. "मावशी पान्याच्या कडंला बसल्या व्हत्या. पार आत, चिखलात. घर हिथंच हाय म्हनत्यात राव."

आता ऐका, तिथं घर होतंच. वैशाखात पाणी खाली गेलं की आमच्या घराचं जोतं आणि पुढच्या दाराची पायरी वर येत असे, महिनाभर, आणि मृगानंतर पुन्हा बुडे. त्या पायरीला हळदकुंकू वाहायला ती गेली होती. सासूनं, तिच्या आत्याबाईंनी, सांगितलेलं, पायरी कोरडी ठेवू नये. पाण्यात बुडालेल्या पायरीला कोरडी ठेवू नये म्हणून बाई उन्हात तीन गाड्या बदलून गेली, हे मला त्या वेळी कुणी समजावून सांगितलं असतं तरी मी वेडेपणाच म्हटला असता. मी तिला विचारलंही नाही. आम्ही नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, पुण्याला दाखवू.

डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. त्याचा दोष मी काढणार नाही. त्याच्यासमोर एक छापील कागद होता आणि त्याला आक्काची बोली नीट कळत नव्हती, म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं. उत्तर आलं की तो माझ्याकडे बघे, "बरोबर?" म्हणून. म्हणजे पेपर त्याचा होता, पण तपासणारी मी. पंचवीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेली बाई, माझी पाठ लगेच ताठ झाली.

"आजी, आज वार कोणता?"

"बेल्ह्याचा बाजार."

"बरोबर?" डॉक्टरनं मला विचारलं. त्या दिवशी सोमवार होता. आक्का माझ्याकडे बघत होती, अगदी निवांत, घरचं माणूस शेजारी आहे, ते सांगेल, अशा भरवशानं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय म्हणाले? "अहो, वार विचारतायत ते, वार! सरळ सांगा ना." ती गप्प झाली. मी डॉक्टरकडे वळून मान हलवली. नाही.

"महिना कोणता चालू आहे?" "आर्द्रा निघाल्या. थेंब न्हाई अजून." मी मान हलवली. "आपण आता कितव्या मजल्यावर आहोत?" लिफ्टमध्ये ती जन्मात पहिल्यांदा चढली होती, माझा पदर घट्ट धरून. "म्या डोळं मिटलं व्हतं," ती म्हणाली. शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर तिनं विचारलं, "कशाचं शंभर?" "नुसते शंभर, आजी." "नुसतं शंभर कसं असतंय? आंबं हायेत का अंडी?" त्यानं आधी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, सफरचंद, टेबल आणि नाणं. थोड्या वेळानं ते विचारले. "सफरचंद म्हनला व्हता. कोन आजारी हाय?" "आणि बाकीचे दोन?" "ते तुमच्या घरातलं सामान. तुमी ठिवा ध्यानात." एक वाक्य लिहा म्हणाला तर तिनं पदरानं अंगठा पुसला आणि शाईची डबी कुठे आहे ते बघू लागली. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "आजी, तुमचं घर कुठंय?"

"पान्यात," आक्का म्हणाली.

तीसपैकी नऊ. डॉक्टरनं आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, हा वाढत जाणारा आहे, एकटं सोडू नका, बाहेर जाऊ देऊ नका, असं समजावलं. परतीच्या एसटीत आक्कानं मला विचारलं, "मास्तरीणबाई, पास झाले का न्हाई?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. नारायणगाव येईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतून कुलूप आणलं. पितळी, चांगलं जाड, दोन किल्ल्यांचं. त्यातली एक महिन्याभरातच हरवली, माझ्याच हातून, पण विसराळूपणाचा शिक्का आक्काच्या नावावर आधीच बसलेला असल्यामुळे मला कुणी काही बोललं नाही. मी शाळेत जाई, हेडमास्तर रिटायर झाले होते, ते सकाळी देवळात आणि मग वाचनालयात जात. जाताना दाराला बाहेरून कुलूप. आक्का आत. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीला उभे गज. भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ पावलं होती. हे मला कसं माहीत, तर तिथल्या शहाबादी फरशीवर तिच्या येण्याजाण्यानं एक पट्टा गुळगुळीत झाला, तो मी नंतर मोजला. ती कधी आरडाओरडा करत नसे, दार वाजवत नसे, "सोड" म्हणत नसे. संध्याकाळी मी वाचनालयातून त्यांच्याकडची किल्ली घेऊन येई, आणि कुलूप काढून दार ढकललं की ती दाराच्या आत उभी दिसे, डोक्यावर पदर घेऊन, जशी कुठे निघाली आहे. "कुठे निघालात?" "कुठं न्हाई. उभी व्हते." रोज तेच. मी मनात म्हणे, बघा, वाढत चाललाय आजार. वैशाख आला की मात्र ती एकदा तरी म्हणायचीच, "पानी उतारलं असंल." पहिल्या वर्षी मी म्हटलं, "हो, उतरलं असेल, जेवा आता." दुसऱ्या वर्षी मी उत्तरसुद्धा दिलं नाही. दोन वैशाख असे गेले. दोन वैशाख पायरी कोरडी राहिली आणि पुन्हा पाण्याखाली गेली… आणि आठ पावलांवर बसून तिनं ते दिवस एकेक करून मोजले असणार, कारण मोजणं हाच तिचा आजार नसलेला भाग होता आणि तो आमच्या कुणाच्या नजरेत आला नाही.

कुणाच्याच नाही असं मात्र म्हणू नये. आमच्या खिडकीसमोर कापडाच्या दुकानावर शेठाणी राहत. राजस्थानातून त्यांचे पणजे आले, पण त्या आमच्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलत. अष्टमी-चतुर्दशीला त्यांच्याकडे हिरवी भाजी चिरत नाहीत. त्या सकाळी गॅलरीत येऊन विळी मांडायच्या आधी हाक देत, "आक्का, आज आठम का हो?" आणि गजांमागून उत्तर येई, "उद्या. आज चिरा." कॅलेंडर त्यांच्याही भिंतीवर होतं. पण चष्मा शोधण्यापेक्षा आक्का सोपी पडते, असं त्या म्हणत. दोन वर्षं एका घराचं जेवणखाण त्या बाईच्या भरवशावर चाललं होतं, जिला आज कोणता दिवस ते सांगता येत नाही असं आम्ही कागदावर लिहून आणलं होतं. मी ती हाक रोज ऐकत असे, वेणी घालता घालता. ऐकणं आणि कळणं यांत वेणीएवढं अंतर असतं म्हणा.

मग आक्कानं दुसरंच काढलं. एका दुपारी मला म्हणाली, "भावजींकडं बघ जरा. सुपारी कातरताना अडकित्ता उलटा धरला त्यांनी." मी म्हटलं, "बरं." आठवड्यानं म्हणाली, "भावजी दोनदा आंघोळीला गेले. पहिली इसारले." पुन्हा काही दिवसांनी, "काल मला वहिनी म्हनले न्हाईत. 'बाई' म्हनले." मी हसले. नुसती हसले नाही, टोचून बोलले. "आक्का, तुम्ही दुसऱ्याच्या आठवणीची काळजी करू नका हो. तुमची आहे तेवढी सांभाळा." तिनं माझ्याकडे बघितलं आणि गहू निवडायला घेतले. पण ती हटली नाही. रोज एक तक्रार. शेवटी तिचं तोंड बंद करावं म्हणून मी हेडमास्तरांना त्याच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शंभरातून सात धडाधड वजा केले, घड्याळाचं चित्र काढलं ते वहीत चिकटवावं असं, सुरेख वळणात वाक्य लिहिलं, आणि वर डॉक्टरच्या छापील कागदातली शुद्धलेखनाची एक चूक लाल पेन मागून दुरुस्त करून दिली. तीसपैकी तीस. मी घरी येऊन आक्कासमोर बोटं नाचवली. "तीसपैकी तीस!" आक्का म्हणाली, "मंग अडकित्ता उलटा का धरला?"

कार्तिकातली गोष्ट. मी वर्गावर असताना शेठाणींचा नोकर धावत शाळेत आला. "आक्का खिडकीतून हाका मारत्यात. सर गावाला गेले म्हनत्यात. लवकर बोलावलंय." मला पहिला राग आला तो आक्काचा. घरी गेले तर दाराला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, आणि आक्का गजांना धरून उभी. पायांत चपला घालून. "भावजी गावाला गेल्यात," ती वरून म्हणाली. "मला म्हनले, वैनी, आईनं भाकरी करून ठिवली असंल, जाऊन येतो. असंच म्हनले, गावाकडचं. चाळीस वर्सांत असं बोलले न्हाईत. मला बाहेर काढ. मी आनते."

आणि मी काय केलं? मी वाचनालयात गेले. मग देवळात. मग मोटर स्टँडवर जाऊन ओझरच्या गाडीची चौकशी केली, कारण चतुर्थी होती आणि चतुर्थीला ते ओझरच्या गणपतीला जात. तास दीड तास मी त्यांना अशा सगळ्या ठिकाणी शोधत होते जिथे तीसपैकी तीस मिळवणारा माणूस जाईल. परत आले तेव्हा आक्का तशीच गज धरून होती, चपला तशाच. मला बघून ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रस्ता सरळ पान्यात जातोय गं, मास्तरीण. त्यांना कळायचं न्हाई, कुठं थांबायचं."

तेव्हा कुठे मला कळलं, ते कुठे गेलेत. मी शेठजींना हाक मारली. त्यांनी दुकानातून पहार आणली, दोन घावांत कडी निघाली, पण कुलूप तसंच बंद राहिलं. शेठजींनी त्यांच्या भाच्याची जीप काढून दिली. रस्ताभर आक्का पुढच्या सीटवर, वाट दाखवत. अडीच वर्षांनी बाहेर पडलेली बाई, पण एकदाही इकडे की तिकडे असं झालं नाही. घोडेगाव मागे पडलं, डोंगर जवळ आले, मग जुना रस्ता. तो रस्ता तुम्ही पाहिला नसेल. चांगला डांबरी रस्ता, कडेला मैलाचा दगडसुद्धा, आणि तो उतरत उतरत सरळ पाण्यात शिरतो. जणू पुढे पाण्यातही गाड्या चालतायत. त्या रस्त्यावर, पाण्यात मांड्यांपर्यंत, आमचे हेडमास्तर उभे होते. धोतर फुगून वर आलेलं. पुढे एक पाऊल टाकत, मागे घेत. मी त्यांच्या नावानं हाक मारली, मोठ्यानं, सवयीप्रमाणे. त्यांनी वळून बघितलंच नाही. पुन्हा मारली. ते अजून एक पाऊल पुढे गेले.

आक्का पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. धावली नाही, रडली नाही. चार वर्षांच्या पोराशी बोलावं तशी, पण मानानं, म्हणाली, "भावजी, तिकडं न्हाई. आपलं घर वर नेलंय. आत्याबाई वर हायेत, वाट बघत्यात."

ते थांबले. "वर नेलं?" ते म्हणाले. "मला कुनी सांगितलं न्हाई."

"सांगायचं ऱ्हायलं," आक्का म्हणाली. "या."

ते तिचा हात धरून वर आले. खिसे ओले, रिकामे. किल्ली कुठेतरी त्या पाण्यात पडली ती पडलीच. जीपमध्ये मी त्यांचे पाय पुसत होते तेव्हा त्यांनी मला फार अदबीनं विचारलं, "बाई, आपण कोणत्या शाळेवर?" आक्कानं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत "सांगितलं व्हतं ना" असं काहीही नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटी त्या डॉक्टरकडे गेले. त्याला म्हटलं, आमच्या जाऊबाईंचा जुना पेपर काढा, मला फेरतपासणी करायची आहे. मग एकेक उत्तर त्याला समजावून सांगितलं. सासऱ्यांचं नाव, बेल्ह्याचा बाजार, आर्द्रा नक्षत्र, लिफ्ट, अंगठा, पाण्यातलं घर. सांगता सांगता माझा आवाज मास्तरणीचा राहिला नाही. त्या मुलानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, "तुम्ही शेजारीच बसला होता की." खरंच होतं. मी म्हटलं, "हो. पेपर तिनं बरोबर लिहिला होता. तपासणारी कच्ची होती." त्यानं विचारलं, मग अशा माणसांना मी विचारू काय? मी म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी येऊन आक्काला विचारलं. ती हेडमास्तरांना भात भरवत होती. म्हणाली, "मानसाला कशाला इचारायचं? त्याच्या घरच्याला इचारावं. कालपातूर येत व्हतं ते आज येतंय का, एवढंच. पन घरच्यानं बघितलं असलं पायजे." मी हे त्याला पोस्टकार्डावर लिहून कळवलं. शेवटचं वाक्यही लिहिलं. काट मारावीशी वाटली होती, पण मारली नाही.

त्यानंतर चार वर्षं हेडमास्तर होते, आणि ती चार वर्षं आक्कानं काढली. मी फक्त शाळा आणि औषधं केली. आता आत कोंडून घेतलेली मी होते. शाळेतून आले की घरातून पाय निघेना, ते कधी उठून चालू लागतील याचा नेम नाही. आम्ही दाराला कुलूप मात्र पुन्हा लावलं नाही. आक्कानं दाराशी आपलं अंथरूण टाकलं. ते उठले की ती उठे, "चला भावजी," म्हणून पेठेतून एक चक्कर मारून आणी, आणि ते थकले की परत. मी म्हटलं, असं रोज किती वेळा जाणार? ती म्हणाली, "जायाचं असलं की जाऊ द्यावं. संगट कुनी असलं म्हंजे झालं." हे ती माझ्याकडे न बघता बोलली. एवढी माया तिनं केली. आणि ते बंद पडलेलं कुलूप, जे मी रागानं फेकून द्यायला काढलं होतं, तिनं धुऊन घेतलं आणि दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवलं. बोका झाकण पाडायचा म्हणून. "चांगलं वजनदार हाय," म्हणाली. "वाया कशाला घालवतीस? कोंडायचंच तर दूध कोंडावं." ही तिनं मला दिलेली एकुलती एक शिक्षा. रोज दोन वेळा दूध घेताना मी ते कुलूप उचलून बाजूला ठेवते.

हेडमास्तर गेल्यावर तिनं लेकीच्या दारात न राहण्याचा बाणा सोडला. "आता लोकं काय म्हनतील ते म्हनून दमली," म्हणाली आणि घोडेगावला गेली, कारण तिथून पाणी जवळ. दर वैशाखात सुमनचा नवरा तिला पायरीपाशी घेऊन जाई. शेवटची भेट माघात झाली. अंथरुणाला खिळली होती, पण तोंड शाबूत. "औंदा मला न्हाई जमायचं," म्हणाली. "तू जा. पायरी कोरडी ठिवू नको." मी म्हटलं, "मी? मला वाट तरी कळेल का?" तिनं डोळे मिचकावले. "तुला तीसपैकी किती?"

आता तिला जाऊन पाच आठवडे झाले. मी सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, चष्मा डोक्यावर ठेवून शोधते, आणि मुलगा, जो कुलपाच्या त्या वर्षांत शिकायला पुण्यात होता आणि तिथलाच झाला, रोज फोन करतो. त्याला माझी काळजी आहे, ती खरी आहे, मी ओळखते. तसलीच मलाही होती. गेल्या आठवड्यात म्हणाला, "आई, तू एकच गोष्ट मला दोनदा सांगितलीस. एकदा दाखवून घेऊ या का?" त्याला पाण्याकडे जायचं सांगितलं तर म्हणाला, "त्या उन्हात, त्या चिखलात, एकटी? मुळीच जायचं नाही. सुट्टी मिळाली की मी नेतो." त्याला सुट्टी मिळेपर्यंत मृग लागेल आणि पायरी बुडेल. मी ऐकलं, हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं, डोक्यावर पदर घेतलाय.

परवा सकाळी पुन्हा त्याचा फोन. मी हळदकुंकवाची पुडी बांधत होते. इकडचं तिकडचं बोलता बोलता, अगदी सहज, आवाजात हसू ठेवून, त्यानं विचारलं, "आई, आज वार कोणता गं?"

समोरच्या गॅलरीत शेठाणी विळी घेऊन आल्या होत्या, थकल्यात आता त्याही. वर बघत होत्या, सवयीनं. आक्का गेल्यापासून तिथ्या मी मोजते, म्हणून त्यांना खुणेनं सांगितलं, थांबा, सांगते.

"बेल्ह्याचा बाजार," मी म्हटलं.

त्याला पुढचं विचारायचं असेल तर तो विचारील, आणि विचारलं तर सांगीन. सगळं सांगीन. मी फोन ठेवला, खिडकीतून शेठाणींना म्हटलं, "आज चिरा, आठम उद्या," पुडी कमरेला खोचली. दूध तापवून झाकलं, झाकणावर कुलूप ठेवलं, आणि दार नुसतं ओढून घेतलं.